व्हिक्टोरियाहून क्यूरपिपपर्यंत

आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास होती. मॉरिशस हा अख्खा देशही तेवढाच. हे कळल्यापासून मला तिथल्या समुद्रापेक्षा तिथली शहरं बघायची ओढ लागली होती. एवढी माणसं राहतात कुठे, कामाला जातात कशी, भाजी कुठून आणतात?

सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी हे ऐकूनच घेतलं नाही. "शहरात बघण्यासारखं काय आहे, मॅडम? तिथे कोणी जात नाही." माणसं राहतात त्या जागेला 'बघण्यासारखं काही नाही' म्हणायचं, याचा मला तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. शेवटी पाचपैकी चार दिवस किनाऱ्यावर गेले. पाणी निळंशार होतं, छान होतं. पाचवा दिवस मी माझ्यासाठी मागून घेतला.

सकाळी पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या पायऱ्या बघितल्या. सोळाच पायऱ्या आहेत. १८३४ पासून करारावर आलेले जवळजवळ साडेचार लाख मजूर या बेटावर उतरले, आणि त्यातले बहुतेक भारतातले होते. मी पायऱ्यांसमोर बराच वेळ नुसती उभी होते. मग चालत व्हिक्टोरिया स्थानकात गेले. लोकलने रोज व्हीटी गाठण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना या नावाने काय होतं ते वेगळं सांगायला नको.

इथली मेट्रो भारताच्या मदतीने उभी राहिली. २०२० मध्ये ती रोझ हिलपर्यंत धावू लागली आणि २०२२ मध्ये क्यूरपिपला पोचली. देशातल्या पाचही नगरपालिका या एका मार्गावर आहेत. पोर्ट लुई दीड लाखाचं. बो बासँ-रोझ हिल आणि वाक्वा-फिनिक्स ही जोडशहरं लाखाच्या थोडी वर. कात्र बोर्न आणि क्यूरपिप पाऊण लाखाच्या आसपास. म्हणजे देशातली दहातली चार माणसं या रुळांच्या आजूबाजूला राहतात! आणि एकातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नाही, अगदी ठाकुर्लीतून डोंबिवलीत यावं तसं.

पण ही शहरं किनारा सोडून आत, डोंगरावर का वसली? कारण ताप. १८६६-६७ मध्ये मलेरियाची साथ आली. एकट्या १८६७ सालात बेटावर तीस हजारांहून जास्त माणसं तापाने गेली आणि पोर्ट लुईची तर दैना झाली. त्याच्या थोडंच आधी, १८६५ मध्ये, राजधानीहून वर क्यूरपिपकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती. ज्यांना परवडलं ते थंड हवेच्या उंचवट्यावर राहायला गेले. कचेरी खाली, घर वर आणि मधे आगगाडी, असं रोजचं जाणं-येणं तेव्हापासूनचं. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. मेट्रो बरीचशी त्या जुन्याच रुळांच्या जागेवरून जाते.

कोरोमंडल नावाचं स्थानक गेलं. रोझ हिलला उतरून दालपुरी खाल्ली. ती जोडीनेच मिळते, आत घेवड्याची उसळ आणि वर चटणी. चण्याच्या डाळीचं पुरण, पण बिनगुळाचं. मला फार आवडली. पुन्हा गाडीत बसले तेव्हा शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. माझ्या कपाळाची टिकली बघून त्यांनी आधी क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, मग हिंदीत, "मुंबई?" मी हो म्हटलं. त्या थांबल्या, शब्द जुळवले आणि म्हणाल्या, "मी मराठी."

मला पटकन बोलता आलं नाही. मी "आजी" म्हटलं आणि त्यांनी माझा हात धरला. तो वाक्वा येईपर्यंत सोडला नाही.

आजींचं माहेर कास्काव्हेल. मराठी माणसांचं गाव म्हणून ते तिथे ओळखलं जातं. त्यांचं आडनाव म्हणजे पणजोबांचं नुसतं नाव. नोंद करणाऱ्याने जे लिहिलं तेच पुढे चिकटलं, तिथे पुष्कळांचं असंच आहे. मराठी त्यांना तोडकीमोडकी येते, क्रियापदं हरवतात. पण गणपतीची आरती सगळी पाठ आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या गावात झाकरी आहे?"

झाकरी! आमची जाखडी! लहानपणी गावी गणपतीत रात्री-रात्री बघितलेला तो नाच, पायांतल्या चाळांचा तो आवाज. मी म्हटलं, "आहे, आजी. आम्ही जाखडी म्हणतो." त्यांनी गाडीच्या फरशीवर पायाने ठेका धरून दाखवला. ठेका तोच होता.

उतरायच्या आधी त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत. त्यांच्या नातवाने तिथून पणजोबांचा क्रमांक शोधून आणला होता. गाव मात्र आजींना आईच्या तोंडूनच ठाऊक होतं. "पाली," त्या म्हणाल्या. "कुठे आहे पाली?"

एक पाली रत्नागिरीजवळ आहे. एक रायगडात, बल्लाळेश्वराची. मी दोन्ही सांगितल्या. आजींनी दोन्ही पुन्हा म्हणून बघितल्या आणि मान हलवली. वाक्वा आलं, त्या उतरल्या. दार बंद होताना त्यांनी बाहेरून हात केला.

क्यूरपिप समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. तिथे बारीक पाऊस लागला होता आणि हवेत गारवा होता. मी स्थानकाबाहेर छपराखाली उभी राहिले, दुसरं काही बघितलं नाही.

घरी आल्यावर रत्नागिरीच्या मामाला फोन केला. मामा म्हणाला, "पालीतल्या कुठल्या वाडीतले?" ते आजींना विचारायचं राहून गेलं.