तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला पुन्हा हो का म्हटलं

"मॅडम, सरांनी तुम्हाला एवढं दुखावलं होतं, तरी तुम्ही त्यांना परत हो कसं म्हणालात?" माझ्याकडे कबड्डी शिकायला येणाऱ्या मुली हा प्रश्न विचारतातच. कुणाच्या तरी मोठ्या बहिणीकडून आमच्या कॉलेजातली गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली असते. नातेवाइकांत, जुन्या मैत्रिणींतही कुणी ना कुणी विषय काढतं. म्हणून एकदा नीट सांगते.

हे 'सर' म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघं सांगलीत एकाच कॉलेजात होतो. तो मुलांच्या संघातला चढाईपटू, मी मुलींच्या संघात डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला उभी राहून चढाईपटूला पकडणारी. दोघंही वाळवा तालुक्यातले, म्हणजे कबड्डी लहानपणापासून अंगात. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावोगावच्या पोरांना वाटायला लागलं की आपणही टीव्हीवर दिसू शकतो. त्यालाही वाटलं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. त्याची चढाई बघण्यासारखी होती. बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकून, दुसरा हवेत ठेवून बोनसचा गुण घ्यायचा आणि परत फिरता फिरता, कोपरा अजून बोनसच्या विचारात असतानाच, त्याला हात लावून निघायचं. मी त्याच्या प्रेमात पडले ती ही चढाई बघूनच.

पुढच्या वर्षी विभागीय स्पर्धेत पट काढायला, म्हणजे चढाईपटूचा पाय धरून ओढायला गेले, पाय मॅटवर तसाच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यातला आवाज मला स्वतःला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलं होतं. ऑपरेशन म्हणजे आपल्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून गुडघ्यात नवं लिगामेंट बसवायचं, आणि मग नऊ महिने ते वर्षभर खेळ बंद. तो एकदा दवाखान्यात येऊन गेला. नंतर निवडीच्या शिबिराला म्हणून जो गेला, त्याने फोन उचलणंच सोडलं. मित्रांजवळ म्हणाला, "तिची कबड्डी संपली, मी कशाला अडकू?" असली वाक्यं जिथे पोचायची तिथे बरोबर पोचतात.

त्या दिवसांत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, दहा मोजायचे आणि सोडायची, एवढंच माझं खेळणं होतं. संघातल्या मुलींनी मला सांभाळलं. एक वर्गातल्या नोट्स आणून द्यायची, दुसरी हॉस्टेलच्या जिन्यावरून हात धरून उतरवायची. पुढच्या गोष्टीत या मुलींचा मोठा वाटा आहे.

त्याची निवड झाली नाही आणि तो परत आला. माफी मागितली का? मागितली. कॉलेजच्या गेटपाशी, एकटा येऊन, काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगून. मी म्हणाले, "ऐकलं. आता जा." आणि तो गेला. उत्तर काय म्हणून मागे लागला नाही, मैत्रिणींना मध्ये घातलं नाही, हाताला ब्लेड लावण्याच्या धमक्या दिल्या नाहीत. आमच्या आसपास हे सगळं करणारी मुलं होती आणि लोक त्याला खरं प्रेम म्हणायचे.

मैदानावरच्या प्रेमकथांमध्ये नायक अंतिम सामन्यानंतर माईक हातात घेतो आणि सगळ्या प्रेक्षकांसमोर तिची माफी मागतो. मला ते दृश्य बघवत नाही. हजार माणसं टाळ्या वाजवायला टपून बसलेली असताना ती मुलगी नाही कशी म्हणणार? चूक त्याची, आणि लोकांसमोर अडचणीत सापडते ती. ज्याला खरंच माफी हवी आहे, त्याने तिला नाही म्हणायला भरपूर जागा ठेवावी.

मुलींना या गोष्टीत एक निर्णायक क्षण हवा असतो, 2023 मधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या 26-25 सारखा. चिनी तैपेईविरुद्ध आपल्या मुलींनी जिंकलेला तो अंतिम सामना त्यांना पाठ आहे. पण 2018 मध्ये जकार्ताला आपल्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून 24-27 हरल्या होत्या, आणि मधली पाच वर्षं कुणी टीव्हीवर दाखवली नाहीत. माझ्याकडेही सांगायला तसा एक क्षण नाही. मधला काळच आहे.

मी सरावाला परतले तेव्हा आमच्या बचावफळीला सरावासाठी ताकदीचा चढाईपटू हवा होता. त्याने आमच्या प्रशिक्षक सरांना विचारलं, मी येऊ का. सरांनी आधी आम्हा मुलींना विचारलं. आमची डावी मध्यरक्षक सोडून सगळ्या म्हणाल्या, खेळापुरता येऊ दे. मीही तेच म्हणाले. मग तो रोज आमच्या आधी यायचा, मॅटचे तुकडे दाताला दात जुळवून बसवायचा, आमच्यावर चढाया करायचा आणि निघून जायचा. माझ्याशी बोलायला थांबायचा नाही.

बाकीचे सगळे माझ्या कोपऱ्यात हळू यायचे. गुडघ्याला लागेल म्हणून पाय आखडता घ्यायचे. त्यांचं चुकत नव्हतं, पण खेळाडूला ते किती झोंबतं हे ज्याचं त्यालाच माहीत. त्याने सरांमार्फत माझ्या फिजिओला विचारून घेतलं होतं की हिला पूर्ण वेगाची चढाई चालेल का. चालेल म्हटल्यावर तो पूर्ण वेगात आला. मी घोटा धरला, त्याने हिसडा दिला आणि मध्यरेषा गाठली. दुसऱ्या दिवशीही तेच. कितीतरी दिवस तेच. मग एकदा मी धरलेला घोटा सुटला नाही, मध्यरक्षकाने वरून झेप घेतली आणि तो आडवा झाला. उठला, तळहात शॉर्टला पुसले आणि पुढच्या चढाईसाठी मध्यरेषेवर जाऊन उभा राहिला. कौतुक नाही, हसणं नाही. ती पकड माझी होती, आणि तिच्यात त्याची मेहेरबानी नव्हती. जो माझी कबड्डी संपली म्हणाला होता, त्याने ती पुन्हा उभी राहीपर्यंत अंगावर घेतली.

कबड्डीत बाद झालेल्याला स्वतःच्या बळावर आत येता येत नाही. बाहेर बसायचं, साथीदारांनी समोरचा गडी टिपला की आधी बाद झालेला आधी आत. त्याचंही तसंच झालं. हळूहळू माझ्या संघातल्या मुलीच त्याच्याविषयी बरं बोलायला लागल्या, आणि त्यांनी त्याचा शब्द काढला की मला राग येईनासा झाला.

मुलींना मी एक गोष्ट ठासून सांगते. एवढं सगळं करूनही मी नाही म्हटलं असतं, तर तो माझा हक्क होता. राबला म्हणून त्याचं माझ्याकडे काही येणं निघत नव्हतं. ते त्याला कळलं होतं, म्हणूनच शेवटी मी विचारलं. सराव संपल्यावर म्हणाले, "अजून काही बोलायचंय का?" तो म्हणाला, "तुला चालणार असेल तर."

माझी अट एकच होती. माझ्या वडिलांना, आप्पांना, त्याने स्वतः जाऊन सांगायचं, मागचं काही न लपवता. आप्पा तालमीतले, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बघू." त्यांचं ते बघणं वर्षभर चाललं.

लग्नाला सगळा संघ आला होता, डावी मध्यरक्षकसुद्धा. ती आजही त्याच्याशी कामापुरतंच बोलते. दवाखान्यात रात्री माझ्याजवळ तीच झोपायची, तिने जे पाहिलं ते मी तिला विसरायला कसं सांगू? मी कधी समजूत घालायला गेले नाही आणि त्यानेही मला तसं सुचवलं नाही. दिवाळीचा फराळ तिच्या घरी तो स्वतः नेऊन देतो. गेल्या दिवाळीत तिने पहिल्यांदा त्याला आत बसायला सांगितलं.