शेजाऱ्याचं छत

गल्ली जिथे संपते तिथेच त्यांची भिंत, आणि भिंतीत रोवलेला गुडघाभर दगड, त्यावर कोरलेली लाल अक्षरं, 'ताइशान शी गानदांग'. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या खेड्यात आज कलीगच्या घरी जेवायला गेलो होतो. रस्ता सरळ घरावर चालून येतो म्हणून हा ताइशान पर्वताचा पहारेकरी. ठीके, आपल्याकडेही वास्तूवाले टी-जंक्शनचा प्लॉट नको म्हणतात.

पण डोक्यात राहिलं ते तिच्या वडिलांचं बोलणं. शेजाऱ्याने नवीन घराचं छत यांच्यापेक्षा वीतभर वर नेलं, त्याने आपलं नशीब दाबलं जातं म्हणे, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणंच बंद.

"दगड रस्त्याला अडवतो, शेजाऱ्याला कोण अडवणार?"

मला तर यात नशिबापेक्षा ऊन, वारा आणि इगोच जास्त दिसला.

तुमच्या गावात शेजाऱ्याने मजला चढवला की काय होतं?