फिरकी झाली, पतंग राहिला

सोमवार, रात्री साडेदहा

टेबल पुसताना टॅटूच्या स्टेन्सिलचा, म्हणजे कातडीवर चित्र उमटवायचा, तो कागद हाताला लागला. जांभळ्या कार्बनवर उमटलेला पतंग, शेपटीसकट, उंची ३८ मिलिमीटर. दोघी मैत्रिणींचा जोडीचा टॅटू होता: एकीच्या हातावर फिरकी, दुसरीच्या पतंग, मधे मांजा. फिरकी काल झाली. पतंग राहिला. ‘ती पुढच्या आठवड्यात करेल, ताई,’ फिरकीवाली म्हणाली, एवढंच. पुढच्या आठवड्यात करणाऱ्या सहसा येत नाहीत. तरी कागद टाकवत नाही, आणि राग त्याचाच येतोय.

जोडीचा टॅटू असला की दोन्ही स्टेन्सिलं एकाच चित्रावरून, एकाच बैठकीत काढायची. नंतर काढू म्हटलं की मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि रेघेला रेघ लागत नाही. त्याहून मोठा घोळ हाताचा. दोघी हमखास म्हणतात, ‘उजव्या हातावर.’ खांद्याला खांदा लावून उभं राहायला सांगितलं की मग उजेड पडतो: शेजारी येतात ते एकीचा उजवा आणि दुसरीचा डावा. दोघींच्या उजव्यावर काढलं तर मांजा जुळवायला एकीने पाठ फिरवून उभं राहायचं. स्टेन्सिल लावतानाही हात सैल खाली सोडलेला हवा. टेबलावर उताण्या ठेवलेल्या हातावरची सरळ रेघ हात खाली सोडला की पीळ खाते.

लावल्यावर १०-१५ मिनिटं वाळू द्यायचं. ती मिनिटं वाईट. रंग अजून कातडीवर आहे, आत गेलेला नाही. साबणाच्या फेसाने पुसलं की संपलं. काल पतंग तसाच पुसला गेला. त्यात काही चूक नाही. मला खुपतंय ते दुसरंच.

फिरकीतून सुटलेला मांजा मनगटाच्या कडेपर्यंत येतो आणि तिथे संपतो. आता जन्मभर कुणी ना कुणी विचारणार, ‘हे पुढे कुठे जातं गं?’

नियम मला पाठ आहे. अर्धं असं काढायचं की ते एकटंही उभं राहील. अर्धा बदाम, कोड्याचा एक तुकडा, वाक्याचा उत्तरार्ध, यातलं काहीच एकटं उभं राहत नाही. कटिंगचा ग्लास राहतो. दोघींच्या हातावर एकेक, कुणी विचारलं तर ‘चहा आवडतो’. अक्षरं हवी असतील तर आठ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. वर्षं जातात तशी रेघ पसरते, आणि बारीक अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांसारखे होऊन जातात. बोटाच्या कडेवर काढायचं नाही, तिथला रंग टिकत नाही. हे सगळ्यांना सांगते. काल सांगितलं नाही, कारण चित्र देखणं होतं. मनगटाची कातडी पातळ. तीन टोकांची बारीक सुई, दीडेक मिलिमीटरपेक्षा खोल गेली तर रेघेला निळसर सावली फुटते, म्हणून श्वास धरून काढलं. रेघ सुरेख आली. कडेपर्यंत.

जोडायच्या वेळी हौसेने बोलावतात, आणि बिनसलं की पुन्हा मीच. ‘एवढं झाकून द्या ना.’ झाकायचं तर नवं चित्र जुन्याच्या दोन-तीन पट मोठं आणि गडद लागतं. कपाएवढ्या मैत्रीवर परातीएवढं कमळ. लेसरने काढायचं म्हणावं तर बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, आणि बैठका एक-दोन नव्हेत. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा चिवट. हे सांगताना माझाच चेहरा का पडतो कोण जाणे. भांडण त्यांचं.

फ्रेंडशिप डे नेमका ऑगस्टात, हा आणखी एक वैताग. पावसात टॅटूवर लावलेली पारदर्शक फिल्म चिकटत नाही, आत घाम साठतो, कड सुटते. सुटली की ती काढायची, सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ. लोकलच्या गर्दीत बाही घासते म्हणून चार दिवस हात जपायचा. खपली चौथ्या-पाचव्या दिवशी सुटायला लागते, ती नखाने काढली की रंगही जातो. वर्षभर रक्तदान नाही, हे मात्र कालही आठवणीने सांगितलं.

जुन्या बायकांच्या हातांवर जत्रेत गोंदलेली मैत्रिणींची नावं असायची. हिरवट, फिसकटलेली, निम्मी वाचताही न येणारी. ती मैत्रीण आहे की गेली, बोलते की नाही, हे कुणी विचारत नसे. मेल्यावर बरोबर येतं ते गोंदणच, म्हणायच्या. नाव होतं, पूर्ण होतं. पुढे कुठे जातं हा प्रश्नच नव्हता.

२०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की कातडीतला रंग एका पेशीने गिळून धरलेला असतो. ती मरते, रंग मोकळा होतो, आणि शेजारी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते. रंग तिथल्या तिथे. धरणारी तेवढी बदलते. पतंगाचंही असंच असतं म्हणा. उडवणारा हातातून मांजा सोडत नाही, फिरकी धरायला मात्र जो रिकामा असेल तो.

आणि कालच्या पोरीच्या हातावर फिरकीच आहे. मैत्रिणीने तिची चांगलीच फिरकी घेतली, असं आत्ता मनात आलं आणि एकटीच हसले. तिच्यासमोर म्हणणार नाही. की म्हणू? टचअपला, म्हणजे रेघ नीट करून घ्यायला, चार ते सहा आठवड्यांनी येईल तोवर तिचं तिलाच सुचलेलं असेल.

टचअपमध्ये मांजाचं टोक निमुळतं करता येईल. शेवटच्या पाच मिलिमीटरमध्ये सुई उचलत न्यायची, रेघ हवेत विरल्यासारखी होते. वाटलं तर थोडी वळवून. काटलेल्या पतंगाचा मांजा असाच लोळत खाली येतो. आणि ती दुसरी आलीच, तर तिथूनच पुढे रेघ उचलता येते.

जुन्या स्टेन्सिलचा कार्बन फिका उमटतो, तेव्हा कागद ठेवून उपयोग नाही. चित्राच्या वहीत लिहिलं: पतंग, ३८ मिमी, डावा हात, मनगटाच्या घडीपासून दोन बोटं वर, मांजा आतल्या कडेला. कागद टाकला. हाताला जांभळं लागलंय, ते काही साबणाने निघत नाहीये.