हितं बघा

लॅपटॉपचं बिजागर गेलं आणि जाताना कॅमेऱ्यालाही घेऊन गेलं. ऑफिस पुण्याला, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आणि आठवड्यातून तीनदा संध्याकाळी साडेचारची मीटिंग. महिनाभर मी त्या मीटिंगमध्ये नुसता आवाज होते. नावाचं पहिलं अक्षर, भोवती एक जांभळा गोल, संपलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही आहात ना?" त्याच संध्याकाळी राजारामपुरी गाठली.

दुकानातल्या पोरानं वेबकॅमची डबी पुढ्यात ठेवली. "फुल एचडी हाय ताई. 1080. जगात भारी." येताना रिक्षा खरी कॉर्नरवरून आली. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. शंभरेक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, त्याची आठवण. मी पर्समधली डबी चाचपली आणि उगाच मान ताठ केली.

ती मान तासाभरात खाली आली. मॉनिटरच्या कपाळावर चिमटा बसवला, वायर यूएसबीत खुपसली, संगणकानं लगेच ओळखलंही. पूर्वी ह्या वस्तूंबरोबर सीडी यायची, आता लागत नाही, कारण वेबकॅमनी संगणकाशी कसं बोलायचं ह्याची एक ठरलेली बोली आहे आणि बहुतेक सगळे तीच बोलतात. दिवा लागला. पडदा मात्र काळाकुट्ट. परवानगी दिली का, बघितलं, दिली होती. दुसरं कुठलं ॲप कॅमेरा धरून बसलंय का, बघितलं. एकाच्या हातातला कॅमेरा बऱ्याचदा दुसऱ्याला मिळत नाही. तसंही नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केलं. अण्णा दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

अण्णा माझे सासरे. महाद्वार रोडच्या एका फोटो स्टुडिओत त्यांची हयात गेली. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग, मग कॅमेऱ्यामागं. डिजिटल आल्यावर त्यांनी घरी बसणं पसंत केलं.

"टोपी काढलीस का?" ते म्हणाले.

"कसली टोपी?"

"लेन्सची."

काचेवर एवढंसं सरकतं झाकण होतं. नखानं सरकवलं, आणि पडद्यावर मी आले. म्हणजे खिडकी आली. झगझगीत खिडकी, तिच्यापुढं एक काळी आकृती, डोक्यावर अंबाडा असल्यामुळं ती मी असणार एवढाच अंदाज.

"यडं हाय की ह्यो कॅमेरा," अण्णा म्हणाले. "खिडकीचाच फोटो काढालाय."

खरंच होतं ते. असा कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी धरतो आणि त्या हिशेबानं अंधार-उजेड ठरवतो. मागं खिडकी असली की त्याला वाटतं उजेड रग्गड आहे, मग तो सगळंच दाबतो. चेहरा त्यात फुकट मरतो. ह्यावर महागडा कॅमेरा हा उपाय नाही. उपाय आहे टेबल फिरवणं. अण्णांनी टेबल फिरवायला लावलं, खिडकी माझ्या उजव्या हाताला आली, आणि अर्धा चेहरा गोरा, अर्धा गडप झाला. तेव्हा ते माळ्यावर चढले (वय 78, मी नको नको म्हणत असताना) आणि बंदी यायच्या आधीच्या कुठल्यातरी गणपतीच्या मखराचा थर्माकोल घेऊन उतरले. तो डाव्या बाजूला उभा केला. पलीकडून आलेला उजेड त्यावर आपटून परत आला आणि माझा हरवलेला गाल सापडला. खिडकीवर जुनं धोतर लावलं. हे धोतर शोभेचं नव्हे. आमची खिडकी पश्चिमेची. नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं 9 तारखेला पायांवर, 10 ला छातीपर्यंत आणि 11 ला मुखावर येतात, वाटेत ढग किंवा कुणाची इमारत आली नाही तर. आमच्याकडं हा सोहळा एकाच मीटिंगमध्ये उरकत असे: साडेचारला कीबोर्डवर, पाचला हनुवटीवर, सव्वापाचला थेट उजव्या डोळ्यात. धोतरानं तो सौम्य केला.

अंधार पडल्यावर नवीन तऱ्हा. ट्यूबलाइट लावली की भिंतीवरून काळसर पट्टे वर सरकायला लागत. मला वाटलं कॅमेरा खराब लागला. अण्णा ट्यूबकडं बघत म्हणाले, "ही लुकलुकालीया. आपल्याला दिसत न्हाई, त्याला दिसालंय." आपली वीज सेकंदाला 50 हेलकाव्यांची, म्हणजे 50 हर्ट्‌झची, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 निवडलेलं होतं. 50 केल्यावर पट्टे गेले. चित्राला रवाळपणा मात्र राहिला, हात हलवला की मागं शेपूट उमटायचं. उजेड कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं राहतं, हे अण्णांनी मला सांगितलं, 1080 वाल्या पोरानं नाही.

सगळं जमलंसं वाटलं तेव्हा अण्णांना खुर्चीत बसवून तपासणी घेतली. त्यांनी पडद्यावर स्वतःला निरखलं आणि चमकले.

"निगेटिव्ह उलटी लागलीया."

"अहो अण्णा, ह्यात निगेटिव्ह नसते."

"मग माझा खिसा उजवीकडं कसा गेला?"

निगेटिव्हची एक बाजू चकचकीत आणि एक मंद. मंद बाजू कागदाकडं ठेवायची, चुकून पालटली की माणूस पालटतो, भांग दुसरीकडं जातो. चेहऱ्यावरून हे चटकन कळत नाही, म्हणून ते शर्टाचा खिसा बघत. मी समजावलं की हे ॲप आपल्यापुरता आरसा दाखवतं, आरशात आपल्याला तसंच बघायची सवय असते. समोरच्याला मात्र आपण सुलट दिसतो. त्यांना पटेना. शेवटी मी फोनवरून मीटिंगमध्ये शिरून त्यांना त्यांचा सुलटा चेहरा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. "हा कोण म्हातारा," म्हणाले.

आता हे यंत्र जन्माला कशासाठी आलं, तर कॉफीसाठी. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 साली कुणीतरी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण जिना चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं ह्याचा लोकांना वैताग आला होता. ठिपक्यांत मोजलं तर 128 बाय 128, टपाल तिकिटाएवढं करडं चित्र. 1993 मध्ये ते इंटरनेटवर गेलं आणि पुढं 2001 पर्यंत जगभरचे लोक एक भांडं बघत बसले. मला ह्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर, जिथं म्हैस समोर पिळून दूध देतात, असा कॅमेरा असता तर रात्री म्हैस आली का हे बघायला मीही चपला घालायच्या आधी डोकावले असते.

राहता राहिले डोळे. मीटिंगमध्ये मी साहेबांच्या तोंडाकडं बघून बोलायचे आणि त्यांना वाटायचं मी खाली बघून काहीतरी वाचतेय. कॅमेरा वर, माणसं खाली. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या आरशावरची एक लाल टिकली उचलली आणि लेन्सच्या बाजूला चिकटवली. गिऱ्हाईक भिरभिरायला लागलं की ते लेन्सशेजारी बोट धरून "हितं बघा" म्हणत, बोटाऐवजी टिकली. उपाय रामबाण निघाला. साहेब म्हणाले, आज अगदी समोर बसल्यासारखं वाटतंय. मला मात्र त्या तासाभरात एकाही माणसाचा चेहरा दिसला नाही.

परवा रविवारी अण्णांचे स्टुडिओतले जोडीदार, आता मुलाकडं बेळगावला असतात, त्यांच्याशी भेट घडवून आणली. अण्णांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, थर्माकोल दोनदा स्वतः सरकवला. वीस मिनिटं दोघं बोलले, मुख्यतः एका तिसऱ्यानं सत्तर साली बुडवलेल्या पैशांबद्दल. मी चहा ठेवायला उठले.

परत आले तेव्हा पडदा बंद झाला होता आणि अण्णा अजून ताठ बसले होते, हनुवटी किंचित खाली, नजर टिकलीवर.

"कसे दिसत होते ते?" मी विचारलं. "थकलेत का?"

"काय की. मी हितंच बघत हुतो."

मग धोतर खिडकीवरून काढून घडी घालता घालता म्हणाले, "पण त्याला मी झ्याक दिसलो असणार."