पेशंट बसलाय कुठे, हे आधी सांगा

मुलुंड-ठाणे पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला विचारा, एप्रिल लागला की आमची अर्धी सीनिअर सिटिझन ओपीडी अमेरिकेला जाते. मुलगा एडिसनला, मुलगी डॅलसला, कुणाकडे नातवंड येणार असतं, कुणाला नुसता इथला मे महिना चुकवायचा असतो. आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू. बीपीच्या मशीनचा फोटो, मागे लेकाच्या किचनचा चकचकीत ओटा, स्क्रीनवर 158/96, आणि खाली मेसेज, "डॉक्टर, गोळी दीड करू का?" सोबत स्ट्रिपचा फोटो, तोही अशा बाजूने फाडलेल्या स्ट्रिपचा की औषधाचं नाव गेलेलं आणि फक्त एक्स्पायरी डेट शिल्लक.

मी लिहिते की काकू, इथून सांगता येणार नाही, तिथल्या डॉक्टरला दाखवा. की झाला रुसवा. "अहो मॅडम, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं ओळखता, तिकडचा डॉक्टर काय ओळखणार! आणि लॉकडाऊनमध्ये तर सगळं फोनवरच केलंत ना?" केलं की. पण तेव्हा काकू मुलुंडला होत्या. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी थोडं मागचं. 2020 पर्यंत आपल्याकडे फोनवरून औषध सांगायला परवानगी आहे की बंदी, हे धड कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. आम्ही सगळेच सांगायचो, कोण नाही सांगत? मग 2018 मध्ये मुंबई हायकोर्टाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीचा मृत्यू झाला होता, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये नसताना फोनवरून औषधं दिली गेली असा आरोप होता, आणि कोर्टाने निदान न करता प्रिस्क्रिप्शन देण्यावर फार कडक शब्द वापरले. त्यानंतर काही महिने आमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. माझ्या ओळखीचे एक सीनिअर सर तर पेशंटने फोन केला की "या दवाखान्यात" एवढंच बोलून ठेवून द्यायचे, समोरच्याला नुसता ताप असो की उचकी.

मग आला कोरोना. 25 मार्च 2020, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला तो पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून पेशंट बघण्याच्या गाइडलाइन्स आल्या. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी तेव्हा जे बोर्ड होतं त्यांनी नीती आयोगाबरोबर बसून त्या केल्या आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे 2002 चे नियम आहेत त्यांना त्या मे महिन्यात रीतसर जोडल्या. पुढे नॅशनल मेडिकल कमिशनने 2 ऑगस्ट 2023 ला नवीन नियम काढले, त्यावर एवढा आरडाओरडा झाला (टेलिमेडिसिनवरून नाही, जेनेरिक औषधं लिहिण्यावरून आणि कंपन्यांच्या कॉन्फरन्सवरून) की 23 ऑगस्टला ते बाजूला ठेवले आणि पुन्हा 2002 चेच लागू. तीन आठवड्यांचं आयुष्य! आम्ही प्रिंट काढून फाइल करेपर्यंत संपले सुद्धा.

तर या गाइडलाइन्समधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एका रजिस्ट्रेशनवर अख्खा भारत. माझं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर आहे, दर पाच वर्षांनी 30 क्रेडिट पॉइंट जमवून मी ते रिन्यू करते, आणि तेवढ्यावर मी सावंतवाडीच्या आजोबांना बघू शकते, बंगलोरला हॉस्टेलवर असलेल्या पोरीला बघू शकते, गुवाहाटीला बदली झालेल्या बँकवाल्यालाही. तिकडे दवाखाना थाटायचा तर तिथल्या कौन्सिलचं बघावं लागेल, पण फोन-व्हिडिओवर बघायला वेगळं लायसन्स नाही, परमिशन नाही. फक्त माझा रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर, पावतीवर, मेलवर सगळीकडे दिसला पाहिजे. तुम्हाला कुठल्या डॉक्टरची फोनवर आलेली चिठ्ठी नंबराशिवाय दिसली तर सरळ विचारा, लाजू नका.

औषधांचं मात्र सगळं मोकळं रान नाहीये. गाइडलाइन्समध्ये औषधांच्या याद्या केल्यात. पहिल्या यादीतलं, म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस असलं नुसत्या चॅटवरही सांगता येतं. त्याच्या वरच्या यादीतलं पहिल्यांदा द्यायचं तर व्हिडिओ हवाच, आवाज ऐकून चालत नाही. चालू असलेली बीपीची, शुगरची गोळी रिपीट करायची असेल तर ती फॉलोअपमध्ये मिळते. त्यात नवीन गोळी वाढवायची, म्हणजे समजा शुगरच्या मेटफॉर्मिनच्या जोडीला सिटाग्लिप्टिन, तर आधी त्याच आजारासाठी मी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं असलं पाहिजे आणि त्याला सहा महिन्यांच्या वर झालेले नसले पाहिजेत. सहा महिने उलटले की कागदावर तुम्ही माझे नवीन पेशंट, मग तुमच्या लग्नाच्या पंगतीत मी जेवलेली का असेना. शेड्युल एक्समधली (औषध कायद्यातली जास्त कडक यादी) आणि नार्कोटिक्सवाली औषधं फोनवरून अजिबात नाहीत, कितीही ओळख असो. झोपेच्या गोळ्यांसाठी रात्री अकराला फोन करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता अमेरिकेतल्या काकू. आपल्या गाइडलाइन्स स्वतःच सांगतात की भारताच्या हद्दीबाहेरचं कन्सल्टेशन आमच्यात धरलेलं नाही. म्हणजे जो कागद मला मुलुंडहून गुवाहाटीला पोचवतो तोच कागद विमानतळावर हात वर करतो. आणि तिकडचा कायदा काय म्हणतो? तिकडे डॉक्टर कुठे बसलाय याला फारसं महत्त्व नाही, पेशंट ज्या राज्यात आहे तिथे उपचार झाला असं धरतात, आणि म्हणून लायसन्स त्या राज्याचं लागतं. देशाचं नाही बरं का, राज्याचं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरचा पेशंट नदी ओलांडून न्यूजर्सीतल्या घरी गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला तर त्या डॉक्टरला न्यूजर्सीचं लायसन्स लागतं. आपल्या रिक्षावाल्यासारखं आहे ते, गाडी तीच, बॅज तोच, ड्रायव्हरही चांगला, पण सायनला आला की उतरा, पुढे टॅक्सी बघा.

हे तिकडच्या डॉक्टरांनाही जाच वाटतं, म्हणून त्यांनी वाटा काढल्यात. चाळीसच्या आसपास राज्यांनी मिळून एक करार केलाय, 2017 पासून त्यातून लायसन्स मिळायला लागली, पण त्यातही सगळीकडे चालेल असं एकच लायसन्स मिळत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळंच घ्यायचं, फी वेगळी, फक्त कागदपत्रं एकदाच तपासतात. फ्लोरिडासारखी काही राज्यं बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरला फक्त टेलिहेल्थपुरतं रजिस्ट्रेशन देतात. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना 2018 च्या नियमाने राज्यांची हद्दच उठवून दिली, एका राज्याचं लायसन्स असलं की देशभरातल्या माजी सैनिकांना बघा. कोविडमध्ये बऱ्याच राज्यांनी सूट दिली होती, ती बहुतेक ठिकाणी नंतर काढून घेतली. आणि काही राज्यांत जुना पेशंट थोड्या दिवसांसाठी आला असेल तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला फॉलोअप करू देतात.

हे शेवटचं वाचून एका पेशंटच्या मुलाने मला उत्साहाने आर्टिकल पाठवलं होतं, "डॉक्टर, हे बघा, तुम्हाला अलाउड आहे!" नाही रे बाबा. या बहुतेक सवलती अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्याचं लायसन्स असलेल्यांसाठी असतात. आमच्या महाराष्ट्र कौन्सिलच्या चिंचपोकळीच्या ऑफिसातून मिळालेलं रजिस्ट्रेशन त्यात कुठेच बसत नाही.

बरं, उलट्या दिशेनेही तेच. आपल्याकडे प्रत्येक खानदानात एक तरी अमेरिकेतला डॉक्टर भाचा असतोच. तो रविवारी कॉलवर मामीची गोळी बंद करतो, आणि सोमवारी मामी माझ्यासमोर बसून सांगतात, "तो तिकडे एमडी आहे." असेल हो, माझ्यापेक्षा हुशारही असेल. पण त्याचं नाव इथल्या रजिस्टरवर नसेल तर इथल्या पेशंटला त्याने औषध लिहून द्यायचं नाही. नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 34 मध्ये नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय. परदेशी डॉक्टरला तात्पुरतं रजिस्ट्रेशन मिळायची सोय त्याच कायद्यात आहे, पण ती रीतसर अर्ज करून, फॅमिली ग्रुपवर नाही. भाच्याला आत टाका असं मी म्हणत नाहीये, आईला-मामीला काळजीने काही सांगणं वेगळं. पण औषध बदलायचं तर त्याने मला फोन करावा, मी चिडत नाही.

मधे एका अ‍ॅपवाल्यांचा फोन आला होता, परदेशातल्या मराठी लोकांसाठी "आपल्या भाषेतला डॉक्टर" अशी काहीतरी योजना. कल्पना छानच. मी विचारलं लायसन्सचं काय, तर म्हणे, "मॅडम, आम्ही याला कन्सल्टेशन म्हणतच नाही, वेलनेस अ‍ॅडव्हाइस म्हणतो, खाली डिस्क्लेमर असतो." म्हटलं आणि मी त्यात बीपीची गोळी वाढवली तर? त्यावर म्हणे ते डॉक्टरांच्या जजमेंटवर. म्हणजे कमिशन तुमचं आणि मान माझी! माझ्या इन्शुरन्स पॉलिसीत स्वच्छ लिहिलंय की दावा भारतातल्या कोर्टात झाला तरच ते उभे राहणार. न्यूजर्सीतून नोटीस आली तर मी आणि माझी बचत खाती. नाही म्हणून सांगितलं.

प्रामाणिकपणे विचाराल तर मला अमेरिकेचा नियम जरा जास्तच आखडलेला वाटतो. बीपीच्या गोळीचं शरीरशास्त्र नदी ओलांडून बदलत नाही. पण पेशंटच्या बाजूने बघितलं की पटतं. माझ्या सांगण्याने काकूंना चक्कर आली, पडल्या, कमरेचं हाड मोडलं, तर तिथलं मेडिकल बोर्ड माझं काय वाकडं करणार? तक्रार ऐकणारा आणि माझं लायसन्स काढून घेऊ शकणारा कुणीतरी पेशंटच्या आवाक्यात असावा एवढंच त्यामागे आहे, आणि ते चुकीचं नाही.

मग करायचं काय? जायच्या आधी, म्हणजे बॅगा भरायच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी येऊन बसा. मी एक पान लिहून देते, आजार कुठले, औषधांची जेनेरिक नावं आणि डोस, कारण आपले ब्रँड तिकडे कुणालाच कळत नाहीत, शेवटचा ईसीजी, ॲलर्जी. गोळ्या प्रिस्क्रिप्शनसोबत मूळ पॅकिंगमध्ये न्या, डब्यात सोलून नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना आधीपासूनचे आजार धरलेत का ते बघा, बहुतेक वेळा नुसता स्वस्तातला घेतात आणि मग तिथल्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते, खरी अडचण तिथेच असते, माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

आणि छातीत दुखतंय, एक बाजू लुळी पडलीये, असलं काही असेल तर मला मेसेज टाइप करत बसू नका, 911 हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लावा. बाकी बीपीसाठी तिथल्या अर्जंट केअरमध्ये जा आणि तिथल्या डॉक्टरला माझा नंबर द्या. त्याच्याशी मी बोलू शकते, काकूंना आधी कुठली गोळी दिली होती, कुठल्या गोळीने पाय सुजले होते, सगळं सांगू शकते, दोन डॉक्टरांनी आपसात बोलायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे, निर्णय त्याचा, चिठ्ठी त्याची. गेल्या वर्षी असे एक-दोन फोन आले होते, रात्री उशिरा, आणि समोरून बोलणारी डॉक्टर निघाली नागपूरची.