साठ वसाहती

मावशींची लघवी पाण्यासारखी नितळ होती आणि ते बघून मला बरं वाटलं होतं. आता तेच खटकतंय.

बेळगावातल्या एका खाजगी लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करतोय. मावशी जांबोटीकडच्या एका वाडीतून लाल बसनं आलेल्या. "चार दिस झाले बाबा, जळूलालंय. उन्हाळी लागली म्हणून सराट्याचा काढा घेतला, आता लई उतरलंय. सून ऐकंना, म्हणून आले." सराटा म्हणजे गोखरू, कन्नड शेजारी नेग्गिलमुळ्ळू म्हणतात. तो धने-जिऱ्याबरोबर दोन तांबे पाण्यात उकळून दिवसभर प्यायचा. त्या सकाळीही तांब्याभर पिऊनच निघालेल्या. वर मीच बाकावर बसवून म्हटलं, "येत नसेल तर पाणी प्या."

लघवीत बुडवायच्या पट्टीवर विशिष्ट गुरुत्व १.००३, म्हणजे जवळजवळ नळाचं पाणी. नायट्राइट, म्हणजे जंतूंची खूण, निगेटिव्ह. ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास थांबावी लागते. अर्ध्या अर्ध्या तासाला जाणाऱ्या बाईची कुठून थांबणार? पू-पेशी पाच-सहा. तरी डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून कल्चर लावलं, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवायला ठेवले. आमच्या लूपमध्ये, म्हणजे नमुना घ्यायच्या तारेच्या कडीत, ०.००१ मिलिलिटर लघवी मावते. एका जंतूपासून वाढलेला प्लेटवरचा ठिपका ही एक वसाहत, त्यामुळे एक वसाहत म्हणजे मिलिलिटरमागे हजार जंतू. दुसऱ्या दिवशी सीएलईडी या जंतू वाढवायच्या माध्यमावर पिवळ्या, टपोऱ्या, सगळ्या एकाच जातीच्या वसाहती. दोनदा मोजल्या. ६०.

संसर्ग म्हणायला शंभर हव्यात, म्हणजे मिलिलिटरमागे लाख. हा दंडक १९५०च्या दशकातला. जळजळ होणाऱ्या बाईत हजारसुद्धा पुरेसे असू शकतात, हे मला ठाऊक होतं. शिवाय निम्मं पाणी तर मीच पाजलेलं. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लाखाच्या खाली एकच ओळ उमटते: लक्षणीय वाढ नाही. तीही इंग्रजीत. आमच्याकडे माणूस मराठीत कण्हतो, सरकारी कागद कन्नडमध्ये भरतो आणि रिपोर्ट इंग्रजीत घेऊन घरी जातो. मालकांना फोन करावा असं वाटलं होतं. पण सोमवार होता, बाहेर रांग होती. सही केली.

चौथ्या दिवशी हुडहुडी, ताप, पाठीत एका बाजूला ठणका. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला. दवाखान्यातून आलेला नमुना गढूळ होता आणि त्या प्लेटवर मोजायला जागाच नव्हती. जंतू तोच, ई. कोलाय. सहा दिवस इंजेक्शनं चालली.

तिथल्या डॉक्टरांनी सुनेसमोर काढ्याची यथेच्छ टिंगल केली आणि घरी सोडताना क्रॅनबेरीच्या पुड्या लिहून दिल्या! २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ५० अभ्यास आहेत. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना क्रॅनबेरीमुळे तो पुन्हा होण्याचा धोका साधारण पाव हिश्शानं कमी होतो, असं त्यात आहे. लागलेला संसर्ग ती बरा करत नाही. मावशींना तर हे आयुष्यात पहिल्यांदाच झालेलं. अमेरिकेतलं फळ पुडीत आलं की औषध, बांधावरचा काटा तांब्यात उकळला की अडाणीपणा.

काढ्याची बाजू घ्यायची तरी हातात फारसं काही नाही. गोखरूवर प्रयोगशाळेतले आणि उंदरांवरचे पेपर पुष्कळ, पण उन्हाळी लागलेल्या बायकांवरच्या मोठ्या, भरवशाच्या चाचण्यांची वानवा. पाण्याची मात्र झालेली आहे. २०१८ साली छापून आलेल्या चाचणीत, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे मावशींना आराम पडला तो सराट्यानं, की तांब्यातल्या पाण्यानं? आणि त्याच पाण्यानं माझी प्लेट पातळ केली.

आता फॉर्मवर मी पेनानं लिहितो: सकाळपासून पाणी/काढा किती? नवा रकाना घालून देत नाहीत, सॉफ्टवेअरवाला पैसे मागतो म्हणे.

परवा मावशी तपासणीला आल्या होत्या. पिशवीतून वाळवलेले सराटे काढून माझ्यापुढे ठेवले. "तुझ्या आईला दे. माझंच चुकलं, दोन दिस आणखी घ्यायला पायजे होता." मी पुडी घेतली. त्या साठ वसाहतींचं त्यांना सांगितलं नाही.