तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन आणि आमच्याकडच्या बायका

परवा सेंटरवर एक ताई विचारत होत्या, "मॅडम, सापावर इंजेक्शन आहे, मग एचआयव्ही होऊ नये म्हणून का नाही ओ?" नवरा मुंबईला, त्याला एचआयव्ही आहे, यांची टेस्ट निगेटिव्ह. प्रश्न अगदी बरोबर आहे त्यांचा, म्हणून नीट लिहितेय.

फुरसं चावलं की तालुक्याला जे देतात त्यात घोड्याच्या रक्तात बनलेल्या अँटीबॉडीच असतात, म्हणजे विषाला किंवा विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं, आपल्या शरीराने शिकायची वाट बघायची नाही, तयार माल थेट रक्तात. एचआयव्हीसाठी पण हे करून झालंय. व्हीआरसी01 नावाची अँटीबॉडी, एचआयव्ही असलेल्या एका माणसाच्या रक्तातून मिळालेली, 2010 मध्ये जाहीर झाली. विषाणू आपल्या पेशीला जिथून चिकटतो तीच जागा ती धरून ठेवते. 2016 पासून आफ्रिका, अमेरिका खंड आणि युरोपात मिळून 4,600 च्या वर लोकांवर ट्रायल, दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून. 2021 ला निकाल आला, एकंदरीत लागण काही कमी झाली नाही.

म्हणून ती फेल गेली म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. ज्या विषाणूंवर ती नीट चालते तेवढ्यापुरता बचाव 75 टक्क्यांच्या आसपास होता, फक्त तसे विषाणू साधारण तीसच टक्के निघाले. सापाचं औषध तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच चालतं ना? म्हणून आता विषाणूला वेगवेगळ्या जागी पकडणाऱ्या दोन-तीन अँटीबॉडी एकत्र देऊन बघतायत, जास्त महिने टिकतील अशा.

इंजेक्शनचा एवढा आग्रह का, तर रोजची प्रतिबंधक गोळी आहे आणि चांगली आहे, पण घरात सासू, जावा, पोरं, बाटली ठेवायची कुठे? एकीने लेबल नखाने खरवडून ती तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेली.

एचआयव्ही होऊ नये म्हणून लेनाकापाविर नावाचं एक इंजेक्शन आहे, ते मात्र अँटीबॉडी नाही, औषध आहे, सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली टोचायचं. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेणाऱ्या 2,134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही, एकीलाही! आपल्याच डॉ. रेड्डीज आणि हेटेरो 2027 पासून वर्षाला 40 डॉलरच्या आसपास ते बनवणार म्हणतायत, मग ते आमच्या ग्रामीण रुग्णालयात पण यायलाच हवं.

तोवर ताईंना सांगितलं, नवऱ्याची एचआयव्हीच्या उपचाराची गोळी चुकू देऊ नका, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला राहिला तर त्याच्याकडून तुम्हाला लागण होत नाही, गणपतीला आला की आधी रिपोर्ट मागून बघा.